सुळका होता, पण होलरनं पाहिला नव्हता

हे लंडनचं जुनं सेंट पॉल्स कॅथेड्रल. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं रेघा ओढून, त्या आम्लानं खोदून केलेलं हे एचिंग. चित्रकार वेन्सेस्लाउस होलर, मूळचा प्रागचा.

मनोऱ्यावरचा तो उंच सुळका पाहा. लाकडाचा, वरून शिशाच्या पत्र्यांनी मढवलेला. ४ जून १५६१ला वीज पडून तो जळाला आणि पुन्हा कधीच उभा राहिला नाही. होलर जन्मला १६०७मध्ये. म्हणजे त्यानं हा सुळका पाहिलाच नव्हता!

होलरनं हे लपवलेलं नाही. चित्रावरच्या लॅटिन ओळीत त्यानं स्पष्ट म्हटलंय: वीज पडून सुळका जळण्यापूर्वी चर्च कसं होतं, त्याचा हा देखावा. म्हणून जुनं चित्र हाती आलं की आधी त्यावरची अक्षरं वाचावीत, मग इमारत पाहावी. होलरनं या चर्चची चित्रमालिकाच केली होती; तिच्यात बिनसुळक्याचं चित्रही आहे. ते होलरच्या काळातलं.

आता आत जाऊ. मधल्या दालनाच्या चित्रात दोन्ही बाजूंना भक्कम खांब आणि त्यांवर अर्धगोल कमानी दिसतात. ही नॉर्मन घडण, म्हणजे टोकदार कमानींच्या गॉथिक शैलीच्या आधीची. छताकडे पाहिलं की दगडी फासळ्या टोकदार कमानींत येऊन मिळतात, तिथे गॉथिक सुरू होतं. १०८७च्या आगीनंतर सुरू झालेलं हे बांधकाम कैक पिढ्या चाललं. एकाच भिंतीत तळाशी एक काळ आणि माथ्यावर दुसरा, हे होलरच्या रेघांनी इतकं नेमकं टिपलंय की मला हे चित्र संपूर्ण मालिकेत सर्वांत मोलाचं वाटतं.

कुलचिन्हांकडेही लक्ष द्या. ती चर्चची नव्हेत, त्या त्या पत्र्याचा खर्च उचलणाऱ्यांची आहेत. इतिहासकार विल्यम डग्डेल यांच्या या कॅथेड्रलवरच्या १६५८च्या ग्रंथासाठी ही चित्रं झाली, तेव्हा इंग्लंडमध्ये राजा नव्हता, बिशपांची सत्ता गेली होती. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात या कॅथेड्रलमध्ये घोडदळाचे घोडे बांधले गेले होते.

होलरनं दालनाच्या चित्रावर लिहिलं की हे चर्च रोज कोसळण्याची वाट पाहत आहे, त्याची आठवण मी अशी जपून ठेवतोय. सप्टेंबर १६६६मध्ये लंडनच्या महाआगीत ते जळालं. त्या जागी वास्तुकार क्रिस्टोफर रेन यांनी नवं कॅथेड्रल बांधलं. जुन्याची अंतर्रचना अभ्यासताना आजही इतिहासकार याच पत्र्यांकडे वळतात.