सरकारी माईक

(दृश्य : वरळीचं दूरदर्शन केंद्र, संध्याकाळ.)

सह्याद्रीच्या सातच्या बातम्या इथून जातात. पूर्वीसारखं अख्खं घर आता त्यांच्यासमोर बसत नाही. पण 'दूरदर्शनवर सांगितलं' म्हटलं की विषय संपला, असं मानणारे आजी-आजोबा मुंबईत अजून पुष्कळ आहेत. खाजगी वाहिनीवर कोणी ओरडलं तर आपण म्हणतो, टीआरपीसाठी चाललंय. तेच सरकारी माईकवरून आलं, तर त्याच्यावर शिक्का बसतो.

हा शिक्का काय करू शकतो, हे पाहायला आबिदजानला जावं लागेल.

(दृश्य : नकाशा, पश्चिम आफ्रिका.)

आबिदजान हे आयव्हरी कोस्टमधलं सगळ्यात मोठं शहर. मोठं बंदर, आणि पोटासाठी बाहेरून आलेल्यांची दाटी. २८ नोव्हेंबर २०१० ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी झाली. ३० तारखेला निवडणूक आयोगाचा प्रवक्ता निकालातले आकडे वाचायला लागला, तेवढ्यात सत्ताधारी बाजूच्या माणसाने त्याच्या हातातले कागद हिसकावून घेतले आणि कॅमेऱ्यांसमोर टराटरा फाडले.

२ डिसेंबरला आयोगाने निकाल दिलाच. विरोधी उमेदवार अलासान वातारा, ५४.१ टक्के. दुसऱ्या दिवशी घटना परिषदेने, म्हणजे निकालावर अंतिम मोहोर उमटवणाऱ्या संस्थेने, उत्तरेकडची मतं रद्द केली आणि मावळते अध्यक्ष लॉराँ बाग्बो ५१.४५ टक्क्यांनी निवडून आले! परदेशी बातम्यांचं प्रक्षेपण बंद झालं. लोकांसमोर उरली आरटीआय, म्हणजे सरकारी रेडिओ आणि टीव्ही.

निवडणूक हरलेल्या माणसाच्या हातात आता सैन्य होतं, आणि माईक होता. वातारांचे समर्थक, उत्तरेकडचे लोक, माली आणि बुर्किना फासोहून आलेले मजूर, संयुक्त राष्ट्रांचे शांतिसैनिक, हे सगळे देशाचे शत्रू म्हणून दाखवले जाऊ लागले. २५ फेब्रुवारी २०११ ला बाग्बोंचे युवा नेते शार्ल ब्ले गुदे यांनी पोरांना सांगितलं, आपापल्या वस्तीत नाके लावा, परक्यांची माहिती द्या. आरटीआयने ते घरोघरी पोचवलं.

नाके लागले. टायर, लाकडं, मोडकी टेबलं आडवी टाकून. ओळखपत्र मागायचं, नाव वाचायचं. नाव विचारणं म्हणजे काय, हे डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ पाहिलेल्या मुंबईकराला समजावून सांगायला नको. नाव चुकीचं निघालं तर माणसाला जिवंत जाळायचं, आणि आबिदजानमध्ये त्याला 'कलम १२५' म्हणायचे. शंभर फ्रँकचं पेट्रोल, पंचवीस फ्रँकची काडेपेटी.

वातारांनीही जानेवारीत आपली वेगळी वाहिनी काढली. त्यांच्या बाजूच्या फौजांनीही मार्चअखेर दुएकुए शहरात माणसं मारली, शेकड्यांनी. तेव्हा एक बाजू धुतल्या तांदळाची, असं इथं नाही. ११ एप्रिलला बाग्बो पकडले गेले, तोवर किमान ३,००० माणसं गेली होती. आरटीआयवरून द्वेष पसरवणं थांबवा, असं सुरक्षा परिषदेला त्याच वर्षी ठरावात लिहावं लागलं.

आणि पुढे? हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २०१९ मध्ये बाग्बो आणि ब्ले गुदे दोघांनाही निर्दोष सोडलं. २०२१ च्या अपिलातही तेच कायम राहिलं. कोणत्या वाक्यामुळे कोणत्या नाक्यावर कोण मेलं, हे कोर्टात जोडून दाखवणं फार अवघड असतं.

(दृश्य : विलेपार्ले स्टेशन, पूर्वेकडची बाजू.)

आपल्याकडचं घ्या. डिसेंबर १९८७, विलेपार्ल्याची पोटनिवडणूक. प्रचारातली भाषणं धर्माच्या नावावर मतं मागणारी होती म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं ११ डिसेंबर १९९५ ला. भाषणं करणारे बाळासाहेब ठाकरे यांच्यावर सहा वर्षांची मतदानबंदी आली, तिचा आदेश निघाला जुलै १९९९ मध्ये. पोटनिवडणुकीला तेव्हा साडेअकरा वर्षं होऊन गेली होती. आणि हा तर मैदानातला माईक होता, सरकारी नव्हे.

(दृश्य : रिकामा स्टुडिओ, टेबलावर माईक.)

सरकारी माईकसाठी आपल्याकडे आधीच चाळणी लावलेली आहे. निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर फुकट वेळ मिळतो. कोणाची पाळी कधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. भाषणाची संहिता मात्र आधी द्यायची. धर्मावर, समाजावर हल्ला नको, हिंसेला चिथावणी नको. नियम चांगलेच आहेत. पण २०२४ मध्ये याच चाळणीतून माकपचे सीताराम येचुरी यांना 'जातीयवादी हुकूमशाही राजवट' अशा अर्थाचे शब्द गाळायला सांगितलं गेलं, आणि फॉरवर्ड ब्लॉकच्या जी. देवराजन यांना 'मुस्लीम' हा शब्द.

आमचा आक्षेप कात्रीला नाही. ती लागते पाहुण्यांच्या, म्हणजे पक्षांच्या, काही मिनिटांना. आबिदजानमध्ये विष पाहुण्यांच्या वेळेत आलं नव्हतं, ते रोजच्या प्रक्षेपणातून आलं होतं. ती बाजू आपल्या आचारसंहितेत सातव्या भागात आहे : निवडणूककाळात सरकारी प्रसारमाध्यमांचा सत्ताधारी पक्षासाठी पक्षपाती वापर कसोशीने टाळावा. त्या वाक्याला कायद्यातलं कलम नाही, दंड नाही. बातमीपत्र वाचून झालं की तक्रार करायची ती निवडणूक आयोगाकडे, आणि निकालाला आव्हान देणारी निवडणूक याचिका करायची तर निकालानंतर ४५ दिवसांत. तेव्हा तक्रारीसोबत तारीख, वेळ आणि बातमीपत्राचं रेकॉर्डिंग जोडलेलं बरं.