लाल टोपी, नारिंगी टोपी

पत्रिकेवर विषय छापलाय 'साखर उतरल्यास रुग्णाची काळजी'. येते त्यावर. आधी इन्सुलिनच्या सिरिंजांच्या टोप्यांचं बोलू, कारण पेशंटच्या रक्तातली साखर कधीकधी आपल्याच, म्हणजे सिस्टरांच्याच, हातून उतरते.

आपल्याकडची इन्सुलिनची बाटली बहुतेक ४० ची. म्हणजे एका मिलीत ४० युनिट, १० मिलीत ४००. इन्सुलिन पेनात बसणारं कार्ट्रिज १०० चं, ३ मिलीत ३००. शिवाय १०० च्या बाटल्याही मिळतात. सिरिंजा दोन जातीच्या: ४० ला लाल टोपी, १०० ला नारिंगी. मागच्या रांगेत हसू फुटलंय, हे फर्स्ट इयरलाच झालं म्हणून. मग सांगा. ऑर्डर २० युनिटची, बाटली ४० ची, हातात नारिंगी टोपीची सिरिंज, २० च्या रेघेपर्यंत भरली. किती गेलं?

आठ. ०.२ मिली गेलं, म्हणून आठ. साखर चढीच राहते, डॉक्टर डोस वाढवतात, आणि चोरून भात खाल्ल्याचा आळ पेशंटवर येतो. डबा आणणाऱ्या सुनेलाही दोन शब्द ऐकावे लागतात. असं करत डोस ३४ वर जातो आणि एका रात्री ड्यूटीवरच्या सिस्टर नेमकी बरोबर सिरिंज उचलतात. कालपर्यंत साडेतेरा युनिट घेणाऱ्याला अख्खे ३४ मिळतात. चूक दिवसपाळीची, नाव मात्र नाइटचं.

आता उलटं करा. पेनाची सुई संपली म्हणून कार्ट्रिजमध्ये लाल टोपीची सिरिंज खुपसली. २० च्या रेघेला अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. आता कोणी हसत नाहीये.

स्टोअरच्या इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, नुसतं 'इन्सुलिन सिरिंज' लिहिलं की मिळेल ती येते. आकडा लिहा. टोपी तर आपण उघडल्या उघडल्या ट्रेमध्ये टाकतो, तेव्हा नळीवरचा आकडा वाचा आणि बाटलीवरच्या आकड्याशी जुळवा. आणि केसपेपरवर 'युनिट' पूर्ण लिहा. ४ पुढचा इंग्रजी यू घाईत शून्यासारखा दिसला की ४ चे ४० होतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. बरं.

घाम, थरथर, भूक, अचानक चिडचिड: आधी ग्लुकोमीटर. ७० च्या खाली आणि पेशंट नीट गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे तीन चमचे पावडर पाण्यातून. साखरही चालते, मात्र व्होग्लिबोस किंवा अकार्बोज चालू असेल तर ग्लुकोजच, कारण त्या गोळ्या साखरेचं पचन लांबवतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं. सावरल्यावर पोळी, बिस्किटं, असलं काहीतरी पोटात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, नातेवाईक कितीही चमचा पुढे करोत. कूस वळवा, डॉक्टरांना बोलवा, ऑर्डरप्रमाणे २५ टक्के डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, १०० मिली शिरेतून. शीर चांगली आहे ना ते बघून, बाहेर झिरपलं तर कातडी जळते. बीपी-हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी घेणाऱ्याला धडधड जाणवेलच असं नाही, घाम बघा. आणि साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइड गोळीवर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला, त्यातून किडनी अधू असेल तर, शुद्ध आली म्हणून लगेच घरी धाडू नका. साखर पुन्हा उतरते, चोवीस तास तरी नजर हवी.

प्रश्न चहाबरोबर घेऊ. टेबलावर दोन्ही सिरिंजा ठेवल्यात, हातात घेऊन बघा. टोप्या मी काढून घेतल्यात.