ऊन पाठीशी

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी एक जुना आल्बम आहे. काळ्या जाड कागदाचा, दोन पानांमध्ये बटर पेपर, आणि प्रत्येक फोटोची चारही टोकं चिकटवलेल्या काळ्या कोपऱ्यांत खोचलेली. त्यात १९७९ सालच्या महाबळेश्वर सहलीचे बारा फोटो आहेत. बाराच, कारण बाबांच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यात एका रोलवर तेवढेच निघायचे. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत बाबा जपून चावी फिरवायचे आणि आम्ही श्वास रोखून उभे. त्या बारा फोटोंत आई आहे, आत्या आहे, आम्ही तिघं भावंडं आहोत, वेण्णा लेकवरचा घोडासुद्धा आहे. बाबा नाहीत.

नाहीत म्हणजे चेहऱ्याने नाहीत. रोल भरून देणाऱ्या स्टुडिओवाल्याने त्यांना एकच मंत्र दिला होता : ऊन पाठीशी घ्या. बाबांनी तो इतका मनापासून पाळला की केट्स पॉइंटवरच्या फोटोत, कलत्या उन्हात, त्यांची लांबलचक सावली आमच्या पायांपर्यंत येऊन पोहोचली आहे. कॅमेरा डोळ्याला लावलेला, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली कोपरं. लहानपणी मला ती सावली म्हणजे फोटोतली चूक वाटायची. बाबांनाही तसंच वाटत असणार, कारण तो फोटो त्यांनी शेवटच्या पानावर लावला होता.

आज मी काही गाजलेल्या फोटोंविषयी बोलणार आहे. रेडिओवर फोटो दाखवता येत नाहीत, पण पहिला तर तुम्हाला डोळे मिटूनही दिसेल.

२९ मे १९५३, सकाळचे साडेअकरा. एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंग नोर्गे उभे आहेत. एक पाय चढावर, बर्फाची कुऱ्हाड उंच धरलेली आणि तिला बांधलेले चार झेंडे : संयुक्त राष्ट्रसंघाचा, ब्रिटनचा, नेपाळचा आणि भारताचा. आपला तिरंगा त्यांना दार्जिलिंगमधल्या एका मित्राने दिला होता. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, डोळ्यांवर गॉगल. इतक्या प्रसिद्ध फोटोत माणसाचा चेहरा दिसतच नाही, हे माझ्या कितीतरी उशिरा लक्षात आलं. आणि एडमंड हिलरी तर त्यात मुळीच नाहीत. जगातल्या सर्वांत उंच जागी पोहोचल्याचा हिलरींचा स्वतःचा फोटो नाही.

कॅमेरा त्यांनीच वर नेला होता, थंडीने गोठू नये म्हणून सदऱ्याच्या आत, अंगाच्या उबेत. माथ्यावर त्यांनी स्वतःचा ऑक्सिजन काढून ठेवला, तेनसिंगचे फोटो काढले, मग चारही बाजूंच्या उतरत्या धारांचे काढले. उद्या कोणी शंका घेतली तर पुरावा हवा होता. मग स्वतःचा का नाही? हिलरींचं म्हणणं असं की तेनसिंगनी कधी कॅमेरा हाताळला नव्हता आणि एव्हरेस्टचा माथा ही काही तो शिकवायची जागा नव्हे. तेनसिंगनी आपल्या आत्मकथनात वेगळं सांगितलं आहे. आता मी तुमचा काढतो, असं त्यांनी खुणेने विचारलं आणि हिलरींनी मान हलवून नको म्हटलं. मला दोघंही खरे वाटतात. एकोणतीस हजार फुटांवर, मुखवट्याआडून, खुणांनी झालेला हा संवाद. एकाला एक आठवलं, दुसऱ्याला दुसरं. मात्र मान हलवून नको म्हणणारा तो उंच मधमाशीपालक हिलरी मला फार आवडतो.

ते दोघं तिथे जेमतेम पंधरा मिनिटं होते. तेवढ्यात तेनसिंगनी बर्फात लहानसा खड्डा करून देवापुढे ठेवावा तसा खाऊ ठेवला आणि सोबत धाकट्या मुलीने, नीमाने, दिलेली लाल-निळी पेन्सिल. आदल्या वर्षी स्विस मोहिमेत रेमों लँबेर या गिर्यारोहकाबरोबर ते माथ्याच्या अगदी जवळून परतले होते. त्या लँबेरने दिलेला लाल गळपट्टा या वेळी त्यांच्या गळ्यात होता. त्या एका फोटोभोवती किती माणसं उभी आहेत बघा.

याच हिमालयात नव्वद वर्षं आधी सॅम्युएल बोर्न नावाचा इंग्रज छायाचित्रकार सिमल्याहून निघाला होता. तेव्हा फोटो काचेवर निघत. काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असेतोवर फोटो काढून तिथल्या तिथे धुवायचीही. म्हणजे अंधारखोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, सगळं खिंडीपर्यंत चढवायचं. १८६६ मध्ये बोर्नने स्पितीकडच्या मणिरंग खिंडीत, अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर, फोटो काढले. ते अप्रतिम आहेत. ते ओझं पहाडी हमालांच्या पाठीवरून गेलं होतं. बोर्नच्या लेखांत ते भेटतात ते बहुधा सामान टाकून पळून गेल्याच्या तक्रारीत. मी ते फोटो बघते तेव्हा बर्फात उमटलेल्या त्यांच्या पावलांचा विचार करते. त्या थंडीत मीही पळाले असते.

फ्रँक हर्लीची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी. हा ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमेवर होता. जानेवारी १९१५ मध्ये त्यांचं एंड्युरन्स हे जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं आणि महिनोन् महिने अडकूनच राहिलं. ऑगस्टच्या एका रात्री हर्लीने त्या जहाजाचा जो फोटो काढला, तो एकदा बघितला की विसरता येत नाही. काळ्या आभाळापुढे बर्फाने मढलेल्या दोरखंडांचं पांढरंशुभ्र जहाज, जणू जहाजाचं भूत. त्यासाठी त्याने आजूबाजूच्या बर्फाच्या उंचवट्यांआड वीसेक ठिकाणी फ्लॅशची पूड पेटवली. एकामागोमाग एक झगझगाटाने त्याचे डोळे इतके दिपले की पुढचं दिसेना आणि तो त्या उंचवट्यांतच ठेचकाळत पडला. फोटोत यातलं काही नाही. फोटो अगदी शांत आहे.

ऑक्टोबरअखेर बर्फाच्या दाबाने जहाज चिरडलं. माणसं बाहेर बर्फावर आली आणि काचेच्या निगेटिव्ह आत राहिल्या. हर्ली परत गेला. कमरेपर्यंत उघडा होऊन, बर्फाचा चिखल झालेल्या पाण्यात उतरून त्याने डाख लावून बंद केलेले पत्र्याचे डबे चाचपडून वर काढले. सगळा खजिना वाचला, असं वाटलं. पण पुढे होड्या बर्फावरून ओढत न्यायच्या होत्या, आणि काच जड असते. मग एक दिवस शॅकल्टन आणि हर्ली बर्फावर बसले. एकेक काच उजेडात धरायची, बघायची, ठेवायची की नाही ते ठरवायचं. १२० ठेवल्या आणि पुन्हा डाख लावून बंद केल्या. सुमारे ४०० तिथेच फोडल्या. नुसत्या टाकल्या नाहीत, फोडल्या. टाकल्या असत्या तर हर्ली रात्री जाऊन पुन्हा उचलून आणेल, ही धास्ती होती.

मी फोनमधले फोटो जागा भरली म्हणून पुसायला बसते तेव्हा मला ती चारशे काचांची रास आठवते. त्यांत काय होतं? कुणाचे चेहरे होते? २१ नोव्हेंबरला जहाज बुडालं. पुढचे नऊ महिने हर्लीपाशी राहिला खिशात मावणारा एक छोटा कोडॅक आणि तीन रोल. त्यावर त्याने एलिफंट बेटावर मागे राहिलेल्या बावीस जणांचे दिवस टिपले, तोही त्यांतलाच एक.

एक गोष्ट मनाला लागते, तीही सांगते. शॅकल्टन पाच साथीदारांसह छोट्या होडीतून मदत आणायला निघाला, तेव्हा हर्लीने किनाऱ्यावरून हात हलवणाऱ्या माणसांचा फोटो काढला. पुढे त्याने तोच फोटो फेरफार करून सुटकेचा म्हणून दाखवला. निरोपाचे हात स्वागताचे झाले. जो माणूस काचांसाठी बर्फाच्या पाण्यात उतरला, त्याला हे का करावंसं वाटलं असेल? मला अजून उमगलेलं नाही. निरोपाचा फोटो निरोपाचाच राहायला हवा होता. मार्च २०२२ मध्ये ते जहाज समुद्रतळाशी, ३,००८ मीटर खोल सापडलं. या वेळी पाण्याखालच्या यंत्राने फोटो काढले. मागच्या बाजूवर एंड्युरन्स हे नाव अजून वाचता येतं.

आता थोडं वर बघू. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरून परत येत होते. वर फिरणाऱ्या यानातून मायकेल कॉलिन्सने त्यांच्या यानाचा फोटो काढला, आणि मागे पृथ्वी आली. तेव्हा जिवंत असलेली सगळी माणसं त्या चौकटीत आहेत, एकटा कॉलिन्स सोडून, असं म्हणतात. माझी आई तेव्हा स्वयंपाकघरात असेल. तीही त्यात आली.

फोटो काढणारा माणूस अजिबातच नसला तर? शंभर वर्षांपूर्वी फ्रेडरिक चँपियन नावाचा वनाधिकारी तेव्हाच्या संयुक्त प्रांतातल्या, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडातल्या, जंगलात वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवायचा. वाघाचा पाय लागला की मॅग्नेशियमचा लखलखाट आणि फोटो. त्या काळी साहेब लोक वाघाच्या कलेवरावर पाय ठेवून फोटो काढून घेत. चँपियनने बंदूक बाजूला ठेवली आणि वाघालाच त्याचा फोटो काढू दिला. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, हे त्याने या फोटोंवरून दाखवलं. आजची व्याघ्रगणना त्यावरच उभी आहे. २०१८ च्या गणनेत देशभरच्या कॅमेऱ्यांनी जवळजवळ साडेतीन कोटी फोटो काढले. त्यांतले ७६,६५१ वाघाचे. बाकीच्यांत हरणं, डुकरं, वाऱ्याने हललेलं गवत आणि ती यादी करत बसलेल्या वनरक्षकांचे न दिसणारे डोळे.

आता आपल्या सह्याद्रीत येते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी दोनदा जाऊन धुकं बघून परत आले होते. गेल्या भाद्रपदात तिसऱ्यांदा गेले. सोबत माझा भाचा आणि वाट दाखवायला पाचनईचा एक मुलगा. पहाटे अंधारातच निघालो. कड्यावर पोहोचलो तेव्हा पाठीमागे तारामतीच्या बाजूने ऊन वर येत होतं आणि पुढे कोकणातून धुक्याची भिंत चढत होती. “ताई, आता थांबा,” तो मुलगा म्हणाला, “आज दिसंल.”

आणि दिसलं. धुक्यावर आमच्या सावल्या, भोवती रंगांचं पूर्ण गोल कडं. याला आपण इंद्रवज्र म्हणतो. सूर्य बरोबर पाठीशी आणि धुकं समोर असेल तरच ते दिसतं. सूक्ष्म थेंबांवर पडलेला उजेड उलट आपल्याकडेच परततो, त्यामुळे त्या कड्याचा मध्य ज्याच्या त्याच्या डोक्याची सावली असते. भाच्याने फोटो काढला, त्यात मध्यभागी तो. मी काढला, त्यात मी. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे होतो, तरीही.

विल्यम साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने हेच हरिश्चंद्रगडावर पाहिलं होतं. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ मध्ये छापला. छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला तो त्यानंतर चार वर्षांनी. तरी साइक्स लिहितो की मधल्या सावल्या म्हणजे चित्र आणि भोवतीचं इंद्रधनुष्य ही त्याची चौकट. त्या चित्रात तो होता, त्याचा घोडा होता आणि सोबतची चाकर माणसंही होती. इतक्या तेजात दिसणारी ती आकृती आपलीच सावली आहे यावर त्या माणसांचा विश्वास बसेना. ती हातपाय उडवू लागली, अंग वेडंवाकडं करून बघू लागली, चित्रातली माणसंही तसंच करतात का ते पडताळायला.

मी मोबाइल पुन्हा डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर माझी सावली होती, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेली कोपरं आणि भोवती रंग. बटण दाबायचं राहूनच गेलं. तेवढ्यात शेजारी पाचनईचा तो मुलगा, ज्याने हे पूर्वी कितीदा पाहिलं असेल कोण जाणे, दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरजोरात हलवू लागला.

नमस्कार.