कापणे आणि कांपणे

श्रोतेहो, नमस्कार. आज मी 'कापणे' या एकाच क्रियापदाविषयी बोलणार आहे. दादरच्या बाजारात कोळीण विचारते, "ताई, सुरमई कापून देऊ?", गर्दीत कुणाचा खिसा कापला जातो, चर्चगेट ते विरार हे सुमारे 60 किलोमीटरचे अंतर लोकल कापते, रजा शिल्लक नसली की पगार कापला जातो आणि मुलांनी चारचौघांत शोभा केली की आईवडिलांचे नाक कापले जाते. भाजी मात्र चिरावी, सुपारी कातरावी, मंजिऱ्या खुडाव्यात. या सगळ्याला सरसकट 'कट करणे' म्हणण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिचे मला मनापासून वाईट वाटते.

आता दुसरे 'कापणे' ऐका, थंडीने कापणे, भीतीने कापणे. तुकडे करण्याचे 'कापणे' संस्कृतातील 'कल्प्' या धातूकडून आले. कात्रीला संस्कृतात 'कल्पनी' असाही शब्द आहे. थरथरण्याचे 'कापणे' आले 'कंप' या शब्दाच्या घराण्यातून. म्हणजे शब्द दोन, उच्चार एक. जुन्या लेखनात थरथरण्याच्या 'का'वर अनुस्वार असे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले.

त्या अनुस्वाराचे मोल मला आमच्या लालबागच्या चाळीत कळले. राजापूरजवळच्या गावाहून आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, पोस्टकार्ड आले होते. आई विळीवर खोबरे खवत होती, म्हणून मी ते मोठ्याने वाचू लागले, "काल पत्र लिहायला घेतले आणि हात कापला, म्हणून आज लिहिते." आई खोबऱ्याची कवड तशीच टाकून उठली. आजी घरात एकटी, दवाखाना लांब, विळा लागला की कोयता, किती खोल लागले, बांधले कुणी, असे एकामागून एक ती मलाच विचारू लागली, आणि मी तरी काय सांगणार? शेवटी ओले हात पदराला पुसून तिने कार्ड माझ्या हातातून घेतले, ती ओळ स्वतः वाचली आणि मटकन खाली बसली.

"अगं, 'का'च्या डोक्यावर टिंब आहे, दिसलं नाही तुला?" ती म्हणाली. मला ते दिसले होते. परंतु शाळेत आम्हांला बिनटिंबाचे लेखन शिकवलेले असल्यामुळे आजीची जुनी सवय समजून मी ते सोडून दिले होते. आजीचा हात कापला नव्हता, आजीचा हात कांपला होता.

मला हायसे वाटले. आई मात्र कार्ड खिडकीच्या उजेडात धरून पाहत राहिली. आजीचे अक्षर एरवी वळणदार आणि ठसठशीत असे. त्या कार्डावर प्रत्येक काना वाकडा उतरला होता आणि पत्त्याच्या ओळी खाली घसरत गेल्या होत्या. त्याच रात्री आई परळहून एस.टी.ने राजापूरला निघाली.