पुढचा कॅमेरा

मोबाइल हातभर लांब, मान जराशी तिरकी, हनुवटी खाली. क्लिक. पुन्हा क्लिक. गॅलरीत एकाच चेहऱ्याच्या फोटोंची रांग लागलीय आणि अंगठा एकेक उडवत चाललाय. यात डोळे मिटलेत, त्यात हसू जरा जास्तच झालंय. उरलेल्या एकाला फिल्टर. पोस्ट. आणि आता या हाताकडे बघा, तो मोबाइल काही खाली ठेवत नाही.

आजकाल सगळे स्वतःच्याच आरत्या ओवाळतात, असं म्हणून मोकळं होता येतं. पण आरतीचं तबक हातात दिलं कुणी?

'लाइक'चं बटण फेसबुकवर आलं फेब्रुवारी २००९ मध्ये. जून २०१० मध्ये आयफोन ४ ला पुढचा कॅमेरा मिळाला, तोही व्हिडिओ कॉलसाठी. ऑक्टोबरात इन्स्टाग्राम सुरू झालं. कौतुक आधीही व्हायचंच. आता त्याचा आकडा चारचौघांत दिसायला लागला. मेख अशी, की लाइक कधी येईल याचा नेम नाही. बक्षिसाचा भरवसा नसला की सवय जास्त चिवट होते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांत फार पूर्वीच दाखवलं होतं. हा अंगठा पडदा खाली ओढून सोडतोय, पुन्हा ओढतोय, तो उगाच नाही.

नार्सिसिझम, म्हणजे स्वतःच्याच प्रेमात असणं, मोजायची एक प्रश्नावली आहे, विधानांच्या ४० जोड्यांची. त्यातली एक जोडी: गर्दीत मिसळून जायला आवडतं, की सगळ्यांच्या नजरेत राहायला? २००८ मध्ये बुफार्डी आणि कॅम्पबेल या अभ्यासकांना दिसलं, की यात जास्त गुण मिळवणाऱ्यांचा फेसबुकवरचा वावरही जास्त असतो. पुढच्या अभ्यासांतही हा संबंध सापडला, पण बेताचाच. मिरवणारे तिथे ओढले जातात, की तिथे गेल्यावर मिरवायची सवय लागते, हे अशा एकवेळच्या मोजणीतून कळत नाही.

शिवाय नार्सिसिझमचा दुसरा, हळवा प्रकारही असतो. त्यात बढाई कमी, आणि कुणी दखल घेईल ना, ही धास्ती जास्त. हा चेहरा पुन्हा बघा. याला गर्विष्ठ म्हणायचं?

झोप उडते, तुलना सुरू होते, ते ओघाने आलंच.

२०२१ मध्ये इन्स्टाग्राम आणि फेसबुकने लाइकचा आकडा लपवायची सोय दिली. ती आपण होऊन चालू होत नाही. सेटिंग्जमध्ये शिरून ज्याची त्याने शोधायची.