आट्यांपर्यंतचं अंतर

मेजावर एक रायफल आणि एक कॅलिपर आहे. बंदुकीची दारू अजून कपाटात बंद आहे, कारण आधी मोजायचं आहे, काडतूस भरायचं नंतर.

काडतुसाची एकूण लांबी केसच्या, म्हणजे दारू भरायच्या धातूच्या नळकांड्याच्या, बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत धरतात. .३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसासाठी ‘सामी’ या अमेरिकी मानक संस्थेने ती जास्तीत जास्त ३.३४० इंच, म्हणजे ८४.८४ मिलिमीटर ठरवली आहे. कारखान्यातलं काडतूस त्या कॅलिबरच्या प्रत्येक रायफलीत बसायला हवं, म्हणून ही मर्यादा. स्वतः काडतूस भरणाऱ्यासमोर मात्र एकच रायफल असते, आणि तिच्या नळीत ही गोळी आट्यांना, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार कंगोऱ्यांना, नेमकी कुठे टेकते, ते त्याला शोधायचं असतं.

यासाठी तयार गेज मिळतं. तरी नवख्याने एकदा सळईने मोजावं असं मी आग्रहाने सांगेन, कारण नळीच्या आत काय घडतं ते त्यात हाताला कळतं.

चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, रिकामं असल्याची नजरेने आणि बोटाने खात्री करा. बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा दांडा, बंद करा. सफाईची सपाट टोकाची सळई नळीच्या तोंडातून आत सोडा. ती बोल्टला टेकली, की तोंडापाशी तिच्यावर बारीक खूण करा. आता बोल्ट काढून सुटी गोळी चेंबरमध्ये सरकवा आणि मागून पेन्सिलीने हलकेच दाबून धरा. सळई पुन्हा आत घाला. गोळीच्या टोकाला लागली, की दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर हीच आट्यांना टेकलेल्या गोळीची एकूण लांबी. जोर लावला तर गोळी आट्यांत रुतते आणि माप चुकतं, म्हणून पुन्हापुन्हा मोजा.

एकाच डब्यातल्या गोळ्यांची टोकंही सारखी नसतात. आट्यांना भिडतो तो टोकामागचा फुगीर भाग, ओजाईव्ह. म्हणून कॅलिपरला कंपॅरेटर, म्हणजे ओजाईव्हवर टेकणारी भोकाची जोडणी, लावून बुडापासून तिथपर्यंत मोजतात. गोळीचा प्रकार बदलला, की सगळं पहिल्यापासून.

मिळालेल्या लांबीपेक्षा गोळी थोडी आत बसवतात. बरेच जण ०.०२० इंचांपासून सुरुवात करतात. गोळी आट्यांना टेकवून ठेवली, तर दाब झपाट्याने चढतो, आणि न झाडलेलं काडतूस काढताना गोळी नळीत अडकून दारू सांडू शकते. फार खोल बसवली, तर केसमधली जागा घटते आणि दाब तिथेही वाढू शकतो. त्यामुळे लांबी बदलली, की दारूचं प्रमाण पुस्तकातल्या सुरुवातीच्या मापावर आणायचं आणि तिथून हळूहळू वर जायचं. इथे घाई अजिबात नको.

पुष्कळदा शेवटचा शब्द मॅगझिनचा असतो. दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) नसलेलं एक काडतूस बनवून ते मॅगझिनमधून चेंबरमध्ये नीट चढतं का, ते पाहा. ते काडतूस जपून ठेवा. फैरींनी नळीचा घसा, म्हणजे आटे सुरू होतात तिथला भाग, झिजतो, आटे पुढे सरकतात, तेव्हा नवं माप याच काडतुसाशी ताडून पाहता येतं.