सोन्याशी भांडण नाही

मघाशी चहाच्या वेळी एकानं विचारलं, "गाडीच्या दारावरची सोन्याच्या वर्खाची जुनी अक्षरं काढून टाकायची आहेत, ब्लेडनं खरवडली तर चालतील का?" हाच प्रश्न घेऊन आलेले आणखी चार-सहाजण तरी समोर बसले असणार, म्हणून सुरुवात त्यापासूनच करतो. ब्लेड खिशात ठेवा.

सोन्याच्या वर्खाची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन असते. एका मिलिमीटरच्या जाडीत असे दहा हजार वर्ख बसतील. उजेडासमोर धरला तर पलीकडचा प्रकाश हिरवट दिसतो. इतक्या पातळ वस्तूवर ब्लेड थांबेल कसं? ते सरळ खालच्या रंगात उतरतं आणि तिथं पडलेला ओरखडा पुढं अक्षरापेक्षा जास्त त्रास देतो.

बरं, थिनर लावून सोनं विरघळवू म्हणाल, तर तेही होत नाही. टर्पेंटाइन घ्या, अ‍ॅसिटोन घ्या, सोनं ढिम्म. त्याला विरघळवायला अम्लराज लागतं, आणि अम्लराजानं सोन्याआधी तुमची गाडी विरघळेल. तेव्हा आपलं भांडण सोन्याशी नाहीच. ते आहे वर्खाला खालून धरून ठेवणाऱ्या चिकट थराशी आणि वरून झाकणाऱ्या वॉर्निशशी.

असं अक्षर मुळात रंगवलं कसं जातं ते डोळ्यांसमोर आणा. रंगवलेल्या पत्र्यावर आधी 'साईज' लावतात, म्हणजे जवसाच्या तेलाचा चिकट लेप. झटपट सुकणारा असेल तर दोन-तीन तासांत, सावकाश सुकणारा असेल तर दहा-बारा तासांत तो वर्ख घेण्याजोगा होतो. पेरानं टेकून पाहायचं: चिकटपणा जाणवला पाहिजे, पण बोटाला काही लागता कामा नये. मग वर्ख, कडेनं इनॅमलची रेघ, बाजूला सावली आणि सगळ्यांवर वॉर्निश. यात वर्ख सोडला तर बाकी बहुतेक तेलाचा कारभार. सुकलेलं तेल जसं जुनं होतं तसं घट्ट होत जातं, म्हणून काल रंगवलेलं अक्षर टर्पेंटाइननं पुसलं जातं आणि चाळीस वर्षांपूर्वीचं तुमच्याकडे बघून हसतं.

(पुसलेल्या चिंध्यांतून सोनं परत मिळेल का, हा प्रश्न दर वेळी येतो. ८० मिलिमीटरच्या चौकोनी वर्खात सोनं सुमारे १२ मिलिग्रॅम. २५ वर्खांची अख्खी वही मिळून ०.३ ग्रॅम. चिंध्या खुशाल टाका.)

हात लावण्याआधी ते वर्खाचंच अक्षर आहे ना, हे बघून घ्या. सोनेरी व्हिनाइलची पट्टी असेल तर नखानं कड उचलते. हेअर ड्रायरनं गरम करा, तिरकी ओढत सोला, उरलेला गोंद पुसा, संपलं काम. वॉर्निश तडकलेल्या जागी तपकिरी किंवा हिरवट डाग पडले असतील तर ते सोनं नसून तांबं-जस्ताचा नकली वर्ख आहे. काढायची रीत मात्र खऱ्या वर्खाचीच.

आता डोळे मिटा आणि अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. कड लागली तर अक्षर रंगाच्या वर बसलं आहे. काहीच लागलं नाही तर बहुधा अक्षरं रंगवून झाल्यावर अख्ख्या दारावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारलेला आहे. मग क्लिअर उतरवल्याशिवाय अक्षर निघणार नाही. तो दार पुन्हा रंगवण्याचा मामला आहे, ते आधीच मान्य करून टाका.

यापुढची चाचणी मी कधीही चुकवत नाही. पूर्वी चुकवायचो, ते सांगतोच. दाराच्या आतल्या कडेला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं थिनरमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा काही सेकंद धरायचा. रंग लगेच बोळ्यावर उतरला तर तो जुना सेल्युलोज लॅकर. रंग फुगला, सुरकुतला तर इनॅमल. काहीच झालं नाही तर टू-पॅक, म्हणजे हार्डनर मिसळून मारलेला रंग, किंवा कारखान्यात भाजलेला पक्का रंग. गाडी कोणत्या सालातली आहे यावर विसंबू नका. मधल्या काळात कुणी काय फासलं असेल, सांगता येत नाही.

खाली टू-पॅक निघाला तर साइन पेंटरांची एक जुनी युक्ती आहे: कॉस्टिक सोडा असलेला ओव्हन क्लीनर. तेल आणि कॉस्टिक एकत्र आले की साबण होतो, शाळेत शिकलोय आपण. इथं तेच घडतं. अक्षराच्या तेलाचा साबण होतो आणि सोनं बारीक कपच्यांच्या रूपात फेसात तरंगतं. फवारायचं, पाच मिनिटं नजर न हलवता उभं राहायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं. उरलं तर पुन्हा एकदा. हातमोजे आणि चष्मा हवाच. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, बिल्ले असतील तर आधी टेपनं झाका, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं.

आणि खाली जुनं इनॅमल असेल तर? एका अग्निशमन गाडीच्या दारावर मी हीच युक्ती चाचणी न करता वापरली. फेस मारला आणि फोन घ्यायला बाजूला गेलो. परत आलो तर अक्षरं सुटत होती, पण फडकंही लालभडक होत होतं. इनॅमल हेसुद्धा शेवटी तेलाचंच. सोड्याला काय माहीत कुठलं तेल माझं आणि कुठलं गाडीचं? वीतभर जागेतला लाल रंग ओल्या साबणासारखा लोण्यागत मऊ झाला होता. ते दार मी पदरमोड करून रंगवून दिलं.

जुन्या इनॅमलवर आणि लॅकरवर म्हणून रसायन नको, वॉटर पेपर. १५०० नंबरचा, छोट्या रबरी ठोकळ्यावर गुंडाळलेला, साबणाच्या पाण्यात भिजवलेला. कोरडं घासायचं नाही. जुन्या लाल, पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ छातीत जाते. घासताना अक्षराकडे नव्हे, ओघळणाऱ्या पाण्याकडे बघा. आधी ते दुधाळ असतं, हे वॉर्निश. मग पिवळसर होतं. वर्खात कुठं फट राहिली तर ती दिसू नये म्हणून कारागीर साईजमध्ये पिवळा रंग मिसळतात, तो हा. इथं हात हलका करा, २००० चा पेपर घ्या. पाण्यात गाडीचा रंग दिसू लागला की त्या जागी थांबा, मग कडेला रेघेचा तुकडा शिल्लक दिसत असला तरी. तो वेगळा, बोटाच्या टोकाएवढ्या कागदानं काढायचा. शेवटी रबिंग, म्हणजे बारीक घासणारी पेस्ट चोळणं, आणि पॉलिश.

एवढं करून मागं सरकून पाहता, आणि अक्षर तिथंच! सोनं गेलेलं असतं, पण नाव स्पष्ट वाचता येतं. वर्खानं आणि वॉर्निशनं इतकी वर्षं खालच्या रंगाला ऊन लागू दिलं नाही. तिथला रंग ताजा, गडद आणि आजूबाजूचा उडालेला. शिवाय दर वेळच्या पॉलिशवाल्यानं आजूबाजूचाच थर झिजवलेला असतो, त्यामुळे अक्षराची जागा केसभर उंचही राहते. लोक इथं चूक करतात, अक्षराची जागा आणखी घासतात. अहो, ती जागाच चांगली आहे, बिघडलंय ते सभोवतालचं! रबिंग तिथं करा. उडालेपण वरवरचं असेल तर आतला रंग वर येतो आणि अक्षर विरून जातं. खोलवर असेल तर पुसट छाप राहणारच. मग दार रंगवा, नाहीतर त्याच जागी जरा रुंद अक्षरं रंगवून ती छाप झाका.

छाप झाकायची असो वा नसो, पहिला थेंब लावण्याआधी अक्षरांवर ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिलीनं नक्कल घ्या आणि तिरक्या उजेडात फोटो काढा. तिरक्या उजेडात कधी कधी खालचं, आधीच्या मालकाचं नावही उठून दिसतं. मग काय काढायचं आणि काय ठेवायचं, हे मालकाला पुन्हा विचारावं लागतं.

ज्यांनी रंगवलेल्या पत्र्याचे तुकडे आणलेत त्यांनी आता पुढं या. बोळे आणि थिनर टेबलावर आहेत, खिडक्या मात्र आधी उघडा.